पिवळ्या अक्षरांतला निरोप

वृद्धाश्रमात नोकरी करणाऱ्या बाईला किळस कशाची येत असेल, असं कुणालाही विचारा. तो ओल्या चादरी म्हणेल, लघवीची भांडी म्हणेल, फार तर पेल्यात बुडवून ठेवलेल्या कवळ्या म्हणेल. फोटोवालीला यातल्या कशाचंच काही वाटत नसे. म्हातारपण आहे, ते असंच असणार, त्यात नाक कसलं मुरडायचं? तिला शिसारी यायची ती गुलाबांची. मोबाइलमधल्या, लालभडक, पाकळ्यांवर दवाचे थेंब असलेल्या फुकटच्या गुलाबांची.

खरं तर ती ऑफिसातली बाई. दारापाशी टेबल टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवायची, औषधांच्या खोलीची किल्ली सांभाळायची, फोन घ्यायचा. पण सगळा आश्रम तिला फोटोवाली म्हणायचा, कारण महिन्यातून एकदा प्रत्येक आजी-आजोबांचा फोटो, त्यावर दोन ओळी लिहून, त्यांच्या घरच्यांना पाठवायचं काम तिच्याकडे होतं. ‘आज बागेत फेरी मारली. भूक छान लागते. तुम्ही सगळे मजेत राहा.’ असल्या ओळी. ज्यांच्या फोटोवर त्या चढायच्या, त्यांनी त्या जन्मात कधी म्हटलेल्या नसायच्या. आणि बाग म्हणजे काय, तर दोन बाकडी आणि मोडक्या खाटांचा ढीग.

ही विद्या तिला भाचीने शिकवली होती. फोन नवा होता, भाची सुट्टीत राहायला आली होती, आणि फोटोवर अक्षरं घालायचं एक फुकटचं अ‍ॅप तिने मावशीला काढून दिलं. तेव्हा फोटोवालीला त्याचं केवढं कौतुक. खिडकीतल्या मांजरावर ‘शुभ सकाळ’, उतू गेलेल्या दुधावर ‘शुभ सकाळ’. नवरा म्हणाला, “आता तेवढं माझ्या टकलावर लिहायचं राहिलंय.” तिने तेही लिहिलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. नणंद दोन दिवस हसत होती.

ते साहेबांच्या कानावर गेलं आणि तिथेच माती झाली. आश्रमाच्या या व्यवस्थापकांना पाठीमागे सगळे साखरसाहेब म्हणत. माणूस कधी आवाज चढवायचा नाही, कुणाला नाही म्हणायचा नाही, आणि करायचाही काही नाही. “बाई, तुमच्या हातात कला आहे,” ते म्हणाले, “आपल्या आजी-आजोबांसाठी वापरू या की.” मधाचं बोट लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग पद्धतच पडली. म्हातारा आश्रमात आला, की पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो काढायचा. खिडकीजवळची वेताची खुर्ची ठरलेली आणि शर्टही ठरलेला. एकच पांढरा शर्ट, सगळ्या आजोबांना. जाड्याला तो मागून उघडाच ठेवायचा, बारक्याला मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळायचा. पुढून माणूस कसा भरल्या घरातला वाटायचा. तो एक फोटो वर्षानुवर्षं पुरायचा. दर महिन्याला त्यावरचे शब्द तेवढे बदलायचे. अक्षरं पिवळी, कड काळी, म्हणजे कशावरही उठून दिसतात. अ‍ॅप फुकटचं, म्हणून ते खालच्या कोपऱ्यात आपलं नाव छापायचं. ते झाकायला तिथे गुलाब चिकटवायचा. एकाच कोपऱ्यात गुलाब विचित्र दिसतो, म्हणून चारही कोपऱ्यांत चिकटवायचे. शेवटी पोट कमी करायच्या चूर्णाची जाहिरात निमूट बघायची, तेव्हा कुठे फोटो सेव्ह होणार. आजोबा झाले, आता आजी. त्या जाहिरातीतलं पोट बघून बघून फोटोवालीच्या पोटात ढवळायला लागलं होतं.

नातेवाईक मात्र खूश. फोटो गेला, की लगेच बदाम, टाळ्या, ‘खूप छान’. एवढा खोटेपणा डोळ्यांदेखत चालतो आणि आपल्याच बोटांनी चालतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. घरी जाऊन ती नवऱ्यापुढे चरफडायची. नवरा म्हणायचा, सोड मग नोकरी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलाशी हजर असायची.

शिंपीकाका आले तेव्हा त्यांनी त्या शर्टाकडे बघूनच तोंड वाकडं केलं होतं. हयात कपडे शिवण्यात गेलेली. चिमटे लावताना ते म्हणाले, “पोरी, माणूस पुढून शिवलेला आणि मागून उसवलेला, असं गिऱ्हाइकाला दिलं असतं ना, तर कात्री फेकून मारली असती त्याने मला.” तरी फोटोत हसले, कारण फोटो मुलीला जाणार होता. मुलगी एकुलती, लांबच्या शहरात, नोकरी आणि जुळी पोरं यांत अडकलेली. काकांना ऐकू फार कमी यायचं. फोनवर तर काहीच नाही. त्यामुळे बापलेकीत दुवा उरला तो या फोटोचाच.

यंदा काका खाटेला लागले. आधी काठी सुटली, मग खुर्ची सुटली, मग भाताचा घासही गिळवेना. डॉक्टर येऊन गेले आणि जाता जाता टेबलाशी थांबून म्हणाले, “मुलीला बोलावून घ्या. अजून माणसं ओळखतायत, तोवर भेट होऊ दे.” फोटोवालीने तसंच्या तसं साहेबांना सांगितलं.

साहेब हसले. “बाई, डॉक्टरांचं काय, ते सगळ्यांनाच घाबरवतात. मी कालच बोललो मुलीशी, सुधारणा आहे म्हणून सांगितलं. उगीच नातेवाइकांना धावपळ करायला लावली, की मग ते प्रश्न विचारत बसतात. तुम्ही ‘प्रकृतीत सुधारणा’ लिहा, आणि जरा मोठे गुलाब टाका.”

नातेवाइकांशी बोलायचं ते फक्त साहेबांनी, असा आश्रमाचा नियम होता. तिने परस्पर मुलीला फोन केला तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिने काय केलं? मान हलवली. बाहेर आल्यावर त्या हलवलेल्या मानेचीच तिला घाण वाटली.

ती तडक काकांच्या खोलीत गेली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “काका, मुलीला निरोप पाठवायचाय. काय लिहू? या वेळी तुम्ही सांगा.”

काकांना कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. ते थांबत थांबत म्हणाले, “लिही. आता उठवत नाही. तुला एकदा बघायचंय. लवकर ये.”

“चला, मग फोटोही नवा काढते,” ती म्हणाली, आणि तिने फोन वर धरला.

काकांनी हात आडवा घातला. त्या हातात अजून तेवढा जोर होता. “असा नको. जुनाच लाव, खुर्चीतला. पोरीला असा दाखवू नकोस मला. शब्द पुरे आहेत.”

तिने ऐकलं. जुना फोटो उघडला, पांढरा शर्ट, चिमटे मागे, काका हसतायत. त्यावर काकांचे शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. पण हात सवयीचे गुलाम. अक्षरं पिवळीच केली, कड काळीच, आणि अ‍ॅपचं नाव झाकायला चारही कोपऱ्यांत गुलाब. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

फोटो बाहेर जाण्याआधी साहेबांच्या नजरेखालून जायचा. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी चष्मा वर केला. “वा, काय प्रसन्न दिसतायत काका. पाठवा.” वाचलं नव्हतंच. तिने पाठवला आणि फोनकडे डोळे लावून बसली.

उत्तर तिचा चहा संपायच्या आत आलं. एक बदाम, दोन टाळ्या, आणि खाली, ‘खूपच छान! बाबा किती फ्रेश दिसतायत.’

फोटोवालीला भडभडून आलं, रडू नव्हे, ओकारी. बाप ये म्हणतोय आणि लेक टाळ्या वाजवतेय. पण शिव्या तरी कुणाला घालणार? दर महिन्याला त्याच रंगात, त्याच फुलांत फुकाचा गोडवा पाठवून लेकीला न वाचायची सवय तिनेच तर लावली होती. साहेब जेवायला गेलेले होते. तिने नियम बसवला धाब्यावर आणि नंबर फिरवला.

“हॅलो, मी आश्रमातून बोलतेय, ऑफिसातून. ताई, बाबांच्या फोटोवर काय लिहिलंय ते वाचलंत का?”

“हो, वाचलं ना. तुम्ही किती गोड लिहिता हो.”

“पुन्हा वाचा. मी थांबते.”

पलीकडे पोरांची भांडणं ऐकू येत होती. मग मुलीने त्यांना गप्प केलं.

“हे काय आहे?” तिचा आवाज बदलला होता. “हे कुणी लिहिलं?”

“बाबांनी सांगितलं, मी लिहिलं.”

“आणि गेल्या महिन्यात? रोज बागेत फिरतात, ते?”

“ते मीच लिहिलं होतं.”

“त्यांनी सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“आणि त्याआधीचं? नातवंडांना म्हणून आशीर्वाद आला होता, तो मी फ्रेम करून लावलाय घरात.”

“तोही मीच लिहिला, ताई. सगळं मीच लिहीत आले.”

मुलगी तुटक बोलली, “काल साहेब म्हणाले सुधारणा आहे. आज तुम्ही हे म्हणताय. इतकी वर्षं खोटं लिहिलंत, मग आजचंच खरं कशावरून? थांबा, मी साहेबांनाच विचारते.” आणि फोन ठेवला.

चुकीचं काय बोलली ती? फोटोवालीला तिचा राग धड येईना. आता साहेब जेवून येणार, फोन घेणार, साखर पेरणार, आणि काका वाट बघत जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

ती उठली. काका झोपले होते. तोंड उघडं, गाल आत गेलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, आणि गंजी एका खांद्यावरून घसरलेली. त्यांनी नको म्हटलं होतं. बजावून, हात आडवा घालून नको म्हटलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला सुरकुतलेला कपडा दिला नाही, त्याचा असा फोटो चोरून काढताना तिला आपण खिसा मारतोय असं वाटलं. तरी तिने तो काढला. पिवळी अक्षरं नाहीत, कड नाही, गुलाब नाहीत. जसाच्या तसा लेकीला पाठवून दिला.

फोन हातातच वाजला. आधी नुसते हुंदके. मग, “निघतेय मी. मिळेल ती गाडी पकडते. त्यांना सांगा, निघालेय म्हणून.”

काकांना जाग आली तेव्हा ती खाटेशीच बसलेली होती. साहेबांच्या केबिनमधून तिला दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. काकांनी आधी घसरलेली गंजी चाचपून नीट केली. मग तिच्याकडे बघितलं.

“वाचलं तिने?”

फोटोवाली त्यांच्या कानाशी वाकली. “वाचलं, काका. निघाली ती. येतेय.”

काकांचा सगळा चेहरा हलला. डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं आणि ते पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही. “बघ,” ते म्हणाले, “तुला कशाला हवा होता फोटो? चार शब्द नीट सांगितले, की लेक येते.”

“येतेच, काका.”

“तो निरोप ठेवलाय ना तिने जपून? माझे शब्द आहेत ते.”

“ठेवलाय म्हणाली,” फोटोवालीने त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं. जरासुद्धा अडखळली नाही ती, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.