आबांना आडवं झोपायचं होतं

"मॅडम, हा पेशंट मीठ खातोय. तुम्हाला गंडवतोय," सर म्हणाले आणि पुढच्या बेडकडे वळले.

सर म्हणजे आमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलचे कार्डिओलॉजिस्ट. मी तिथली डाएटिशियन. आणि पेशंट म्हणजे चाळीसगावकडच्या एका खेड्यातले आबा. पाय सुजून टम्म, दम लागलेला, पाठीशी उशांचा ढीग. थोड्याच दिवसांत ही त्यांची तिसरी ॲडमिशन होती.

लोकांना वाटतं, डाएटिशियन म्हणजे वजन उतरवणारी बाई. लग्नसराई आली की फोन सुरू, "मॅडम, महिन्यात किती उतरेल?" पण माझं निम्मं काम आबांसारख्यांचं असतं. त्यांचं हृदय थकलं होतं. पंप ढिला पडला की पाणी अंगात साचतं. आधी पायांत, मग फुप्फुसांत. मीठ हे पाणी धरून ठेवतं. असा माणूस आडवा झाला की त्याला बुडाल्यासारखं वाटतं. इंजेक्शन दिलं की लघवीवाटे पाणी जातं, पाय उतरतात, पेशंट घरी जातो. घरी मीठ चालूच राहिलं की पुन्हा आमच्याकडे.

मी स्टूल ओढून बसले.

"आबा, खरं सांगा. लोणचं खाता?"

"नही."

"पापड? ज्वारीचे बिबडे?"

"नही."

"शेव?"

"नही वं माय. माले काही खावानं नही. माले फक्त आडं पडीसनी झोपनं शे."

दिवाळीपासून आबा आडवे झालेच नव्हते. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, समोर टेबलावर उशी ठेवायचे आणि तिच्यावर डोकं टेकवायचे. आयुष्यभर अंगणात बाजेवर ताणून देणारा माणूस.

तोवर त्यांच्या बायकोने, अक्कांनी, सरांचं बोलणं ऐकलंच होतं. त्या तावातावाने माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"डॉक्टर म्हंतस, मना मानूस खोटा शे? मी मीठना डबाले कुलूप लायेल शे. चावी हाई देखा!" कमरेची चावी त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. "बठ्ठं घर अळणी खास. नातवंडं बी."

मला सरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अक्कांचाही. दोघंही इतके ठाम. त्यातलं एक कोणीतरी चुकत होतं, आणि ते शोधायचं काम आयतं माझ्या गळ्यात.

आमच्या कामात एक साधी पद्धत असते. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते पेशंटकडून वदवून घ्यायचं. मी चहापासून सुरुवात केली. बिस्किटं? बंद. बट्टी? त्यात सोडा पडतो आणि सोड्यातही सोडियम असतं, म्हणून तीही बंद. पित्तावरची फसफसणारी पावडर? नाही. सैंधव? पुष्कळ घरांत सैंधवाला मीठ धरतच नाहीत. उपवासाला चालतं म्हणजे बिचारं निर्दोष! ते मीठच आहे. पण अक्कांकडे तेही नव्हतं. मेडिकलमधलं 'कमी सोडियमवालं' मीठ? तेही नाही. हे बरंच होतं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचं ठरतं.

आबा जेवायचे काय, तर अळणी भाजी, अळणी वरण आणि भाकरी. कागदावर इतका आदर्श पेशंट मी पाहिला नव्हता. पाय मात्र कागद वाचत नव्हते.

"उद्या घरून डबा आणा," मी म्हटलं. "माझ्यासाठी म्हणून वेगळं काही करायचं नाही. रोजचंच आणा."

दुसऱ्या दिवशी सूनबाई डबा घेऊन आल्या. मी वॉर्डातच तो उघडला.

"मॅडम, आता पेशंटचे डबे सुरू केले का?" सिस्टर हसल्या.

भाजी खाल्ली. अळणी. वरण, तेही अळणी. मग भाकरीचा तुकडा मोडला. छान लागली. फारच छान लागली.

भाकरी कळण्याची होती. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळले की कळणा होतो. खानदेशात भरितासोबत ही भाकरी नसली तर पाहुणा उपाशी उठला असं समजतात. पौष्टिक आहेच, मीही कितीतरी जणांना सांगते. मी वाढले दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत. आमच्याकडे कळण्याच्या भाकरीत मीठ पडायचं ते आईच्या हातून, मळताना.

"मळताना मीठ घातलंत?" मी सूनबाईंना विचारलं.

"चिमूटभर पण नाही, मॅडम. डबा तर कुलपात आहे."

"मग ही खारट कशी?"

त्या गोंधळल्या. "कळणा आहे ना तो. ज्वारी, उडीद आणि खडेमीठ एकत्र करूनच गिरणीत नेतो आम्ही. दळतानाच पडतं."

अक्का मध्येच म्हणाल्या, "आते त्यामा मीठ कोठे उनं? तो तं कळना शे!"

आणि बोलता बोलता त्यांचा हात तोंडावर गेला.

त्यांच्या लेखी मीठ म्हणजे डब्यातून चिमटीने स्वयंपाकात पडतं ते. गिरणीतून आलं ते पीठ. पिढ्यान्‌पिढ्या असंच दळलं जातं, त्याच्याकडे मीठ म्हणून कोण बघणार? त्यात भाजी-वरण अळणी झालेलं. ताटात चव उरली ती भाकरीत, म्हणून आबा एकाऐवजी तीन भाकऱ्या खाऊ लागले. आमच्या डाएट चार्टवरही नुसतंच 'भाकरी' छापलेलं. हॉस्पिटलच्या किचनमध्ये ज्वारीची बिनमिठाची भाकरी मिळते. इथे पाय उतरायचे आणि आम्ही सगळं श्रेय इंजेक्शनला देत होतो.

अक्का बेडच्या कडेला बसल्या आणि रडायलाच लागल्या. "मीच तेले खावाडं वं माय."

"तुम्ही कुलूप लावलं म्हणून बाकीचं मीठ तरी थांबलं, अक्का," मी म्हटलं. "आता एवढंच उरलंय." नवऱ्यासाठी अख्ख्या घराला अळणी खायला लावणाऱ्या बाईला आम्ही खोटं ठरवलं होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, आबा खोटं बोलत नव्हते."

"मग मीठ कुठून आलं?"

"भाकरीतून. दळलेलं."

"त्यांनी सांगितलं का नाही?"

"आपण विचारलं मीठ खाता का. ते मीठ खात नव्हते, भाकरी खात होते."

सरांनी आबांची माफी वगैरे मागितली नाही. संध्याकाळच्या राउंडला मात्र नाडी जरा जास्त वेळ धरून उभे राहिले.

आता खरी लढाई होती आबांशी.

"बिगरमीठना कळना? ढोरेसले बी चालाव नही!"

"आबा, आडवं झोपायचंय ना?"

आबा सुनेकडे वळले, "बिगरमीठना कळना दयी आना मंग."

दळण वेगळं करायचं ठरलं. जुनं पीठ बाकीच्यांसाठी. चवीला लिंबू, तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, कच्चा कांदा आणि तीळ-शेंगदाण्याची बिनमिठाची चटणी. जिभेची सवय मोडायला काही आठवडे लागतात आणि तेवढे आठवडे घरच्यांना शिव्या खाव्या लागतात, हेही मी आधीच सांगून टाकलं. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं. एकदम वाढलं तर पाणी साचतंय असं समजून लगेच फोन करायचा. गोळ्या सरांनी लिहिल्या तशाच.

पहिल्या आठवड्यात आबांनी ताट सरकवलं. अक्कांनी फोनवर तक्रार केली आणि वर हेही सांगितलं की भूक लागल्यावर स्वतःच ओढून घेतलं. वजन मात्र वाढत नव्हतं.

फॉलोअपला आबा स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. सरांनी इको करायला घेतलं, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यासाठी कुशीवर आडवं व्हावं लागतं. मागच्या वेळी आबांना ते जमलंच नव्हतं, कसंबसं बसवून केलं होतं. खोलीत अंधार आणि एसी. मी दाराशी उभी होते.

"आबा, श्वास रोखा," सर म्हणाले.

सरांनी स्क्रीनवरून मान वळवली.

"आबा?"

अक्का घाबरून पुढे झाल्या. वाकून बघितलं आणि मागे वळल्या तेव्हा डोळे भरलेले आणि तोंडावर हसू. आबा घोरत होते.

"उठाडू नका," त्या कुजबुजल्या.

सरांनी छातीवरचा प्रोब बाजूला ठेवला आणि बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं. पेशंट झोपला म्हणून ओपीडी थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मीठ किती खाता, असं मी आता नुसतं विचारत नाही. दळण कसं नेता, तेही विचारते. उत्तर लांबलचक येतं आणि माझी ओपीडी रोज उशिरा संपते. पण निदान भाकरीपायी तरी कोणी पुन्हा ॲडमिट झालेलं नाही.