एक उतरला की सगळे

शिखराचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या घरात ते कुणी घेत नाही आणि वाचणाऱ्याचंही त्यावाचून काही अडणार नाही. सात हजार मीटरच्या वरचं होतं, बारा महिने बर्फात असायचं आणि नाशिकच्या आम्हा आठ जणांना तिथे जायचं होतं, एवढं पुरे.

आम्ही म्हणजे रविवारी डोंगरात जाणारी मंडळी. नव्वदच्या सुमारास गट जमला. म्होरके होते कॉलेजात भूगोल शिकवणारे सर. बाकी बँकेतले, दुकानातले, एक पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, आणि आम्ही दोघी बहिणी. ताई ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरला होती, मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. घरी मखमलाबादला फुलांची शेती. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पोरींचं हे खूळ कधी उमगलं नाही. डोंगर काय पळून चाललाय का, असं ते दर रविवारी विचारायचे. तो पळत नाही म्हणूनच आम्हाला त्याच्याकडे जावं लागतं, असं ताई दर रविवारी सांगायची. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

आमच्या गटाचा नियम एकच. बरोबर निघायचं, बरोबर उतरायचं. वाटेत एकाला जमेना झालं तर सगळ्यांनी माघारी फिरायचं, मग किल्ल्याचा दरवाजा हाताच्या अंतरावर का असेना. त्याला कारण होतं. सुरुवातीच्या दिवसांत आमच्यातल्या एकाचं पोट दुखायला लागलं म्हणून आम्ही त्याला एकट्याला खाली पाठवलं आणि आपण वर गेलो. धुक्यात त्याची वाट चुकली. दुसऱ्या दिवशी गुराख्यांना तो सापडला, दोन दात पाडून आणि तापानं फणफणत. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या गटांतले लोक आम्हाला हसायचे. आम्हाला मात्र त्या नियमाचा भारी अभिमान होता, आणि सगळ्यांत जास्त ताईला.

हिमालयाचं सरांनी काढलं. दोन-चार जणांनी मनालीकडचे प्राथमिक कोर्स केले होते, ताईनं तर पुढचाही केला होता. पण एवढ्या उंचीवर आपल्या जिवावर जाण्याइतके आम्ही कुणी शहाणे नव्हतो. म्हणून तिकडचाच एक वाटाड्या ठरवायचा झाला. तो माणूस बर्फातच वाढलेला. थंडीत त्याला काम नसायचं, तेव्हा तो नाशिकला आला. सरांच्या गच्चीवर सतरंजी टाकून बैठक झाली. तंबू, दोर, परवाने, कुठल्या मुक्कामाला किती दिवस थांबायचं, सगळं तो त्याच्या हिंदीत शांतपणे सांगत होता. आईनं दिलेला चिवडा त्यानं दोनदा मागून घेतला, त्यामुळे आईच्या लेखी तो लगेच घरचा झाला.

घोडं अडलं ते नियमापाशी. त्याची रीत अशी की रोज संध्याकाळी प्रत्येकाची विचारपूस करायची. ज्याला त्रास होईल त्याला एका मदतनिसाबरोबर त्याच दिवशी खाली पाठवायचं, आणि बाकीच्यांनी पुढे जायचं. म्हणून तो चार मदतनीस घेणार होता. तिथल्या हवेत कुणाचं अंग कसं वागेल ते देवालाही सांगता येत नाही, त्यात कुणाचा दोष नसतो, असं तो म्हणाला. आमच्यात कुजबुज सुरू झाली. सर म्हणाले, आमच्याकडे असं नसतं. मग ताई बोलली.

"शिखर राहिलं तर राहिलं. आजारी माणसाला परक्या हातात देऊन आम्ही वर जाणार नाही. एक उतरला की सगळे उतरणार."

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. वाटाड्यानं जरा वेळ डोकं खाजवलं. असा गट आपण कधी नेला नाही म्हणाला, पण तुमची इच्छा. सगळे एकदमच उतरणार असतील तर चार मदतनीस कशाला, दोन पुरे, असंही त्याच बैठकीत ठरलं. आपण पहाडातल्या माणसाला माणुसकी शिकवली अशा थाटात आम्ही जिना उतरलो.

मग तयारी. आमची तयारी म्हणजे सॅकमध्ये कांदे भरून अंजनेरी चढायचं. दगड कुणालाही मिळतात, नाशिककरानं कांदेच न्यावेत, असं द्राक्षवाल्याचं म्हणणं. उतरल्यावर त्याच कांद्यांची भजी व्हायची आणि पुढच्या रविवारचं ओझं हलकं व्हायचं. निघायला महिना राहिला असताना अंजनेरीच्याच पायऱ्यांवर माझा पाय मुरगळला, पाठीवरच्या ओझ्यासकट मी खाली आले आणि घोट्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात सगळे खाटेभोवती जमले. मी म्हणाले, तुम्ही जा. सर म्हणाले, वेडी आहेस का. पाच मिनिटांत मोहीम एक वर्ष पुढे गेली. कुणाच्या कपाळावर आठी नाही, कुणी निःश्वाससुद्धा टाकला नाही. माझ्यासाठी आणलेली केळी त्यांनीच खाल्ली आणि हसत गेले. मी रडले ते त्यांच्या चांगुलपणानं. रिक्षातून घरी येताना ताई बराच वेळ बाहेर बघत होती. मग एवढंच म्हणाली, "आपल्या घरामुळे राहिलं गं सगळ्यांचं."

मला ते लागलं नाही. ती मला बोलत नव्हती, हे मला कळत होतं. ती स्वतःशीच काहीतरी ठरवत होती, ते मात्र कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी घोट्यानं साथ दिली नाही. डॉक्टरांनी एवढ्या उंचीला स्वच्छ नकार दिला, तेव्हा मी आधीच नाव मागे घेतलं. निघण्याआधीच गळालेलीसाठी थांबायचा प्रश्न येत नाही, अशी मी पळवाट काढली आणि सरांनी कुरकुरत ती मान्य केली. आता मी उंटावरून शेळ्या हाकायला मोकळी झाले. खाण्याचं खातं माझ्याकडे आलं. आईनं पदर खोचला. शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, भाजून वाळवलेल्या दशम्या, पिंपळगावच्या बेदाण्यांच्या पुरचुंड्या. वर गेल्यावर भूक मरते म्हणून जिभेला चव यावी असं तिखटमिठाचं सगळं. ताई कारखान्यातून आली की प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावायची, कुठल्या मुक्कामाची, कुठल्या जेवणाची. अण्णा बाजूला शेवंतीच्या जुड्या बांधत बसायचे. एवढं खाणं घेऊन माणूस लग्नाला जातो, असं म्हणायचे.

थंडीची सवय कुठे करायची? नाशिकला डिसेंबरात दात वाजतात, पण तो काही बर्फ नव्हे. द्राक्षवाल्यानं त्याच्या काकांचं कोल्ड स्टोअर मिळवलं. मार्चमध्ये, बाहेर ऊन मी म्हणत असताना, हे सातजण द्राक्षांच्या पेट्यांच्या मधल्या वाटेत झोपायच्या पिशव्या पसरून पडले. मी आणि वॉचमन दारापाशी. ज्याला सहन होणार नाही त्यानं दार ठोठावायचं, मग अर्थातच सगळ्यांनी बाहेर यायचं. तासाभरानं सरांनीच ठोठावलं. सगळे नाचत, शिव्या देत उन्हात आले. ताई शेवटी आली. तिची पिशवी सगळ्यांत पातळ होती. ओठ निळे पडले होते, हातातला चहाचा कप धरता येत नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, मला काही होत नाही. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं.

जुलैमध्ये ते निघाले. स्टेशनवर मी तिला मिठी मारली तेव्हा तिच्या जाकिटाला नव्या कापडाचा वास येत होता. मोबाइल तेव्हा नुकते आले होते, पण ते काही पहाडात चालत नसत. शेवटच्या गावातून तिचा फोन आला. लाडवांना मुंग्या लागल्या नाहीत, असं आईला सांग म्हणाली. त्यानंतर आमचा जीव टांगणीला लागला, आणि मग एका दुपारी सरांचा फोन आला. मी शाळेतून नुकतीच आले होते. सर नुसते माझं नाव घेत होते आणि पुढे बोलत नव्हते.

तिला घरी आणलं त्या दिवसाबद्दल मी लिहू शकत नाही. तो दिवस अजूनही मला उचलवत नाही.

काय घडलं ते नीट कळलं थंडीत. वाटाड्या स्वतःहून नाशिकला आला, आईवडिलांना भेटायला. अंगणात खाटेवर बसला. आईअण्णांना त्याची हिंदी धड कळेना, म्हणून तो बोलायचा आणि मी मराठीत सांगायचे. माझ्याच बहिणीचं मरण मी माझ्या आईवडिलांना वाक्यावाक्यानं सांगितलं.

तो रोज संध्याकाळी सगळ्यांना विचारायचा. ताई रोज हसून ठीक आहे म्हणायची. दुसऱ्या मुक्कामापासून तिला खोकला होता, पण तिथे खोकला सगळ्यांनाच असतो. तिसऱ्या मुक्कामावर, शिखरावर निघायच्या आदल्या सकाळी, तिला उठून बसता येईना. छातीत पाणी झालं होतं. ते एका दिवसाचं नव्हतं, असं तो म्हणाला. निदान तीन दिवस ती ते अंगावर काढत होती. पहिल्या दिवशी बोलली असती, तर एक माणूस तिला घेऊन खाली गेला असता आणि चार दिवसांत ती तिथल्या गावात चहा पीत बसली असती. पण ती बोलली की सगळे उतरणार, हे तिला माहीत होतं. तिनंच तसं ठरवून घेतलं होतं. आणि आमच्या घरामुळे एकदा सगळ्यांचं राहिलं होतं.

बोलता येत होतं तोवर ती त्याला एकच सांगत राहिली. "यांना उतरवू नका. मला एक माणूस द्या, मी जाते."

तिचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. सातही जण उतरले. दोनच मदतनीस होते, म्हणून सरांनी आणि द्राक्षवाल्यानं आळीपाळीनं तिला पाठीवर घेतलं. तळाच्या तंबूपर्यंत ती पोचली नाही. माझ्या गटातल्या एकाही माणसानं तिला सोडलं नाही, आणि म्हणूनच ती गेली. हे मी सरांना कधी म्हणाले नाही. सरांना ते माहीत आहे. ते पुन्हा डोंगर चढले नाहीत.

वाटाड्या रडत होता. माझी चूक, मी त्या गच्चीवर ऐकायला नको होतं, असं तो म्हणत होता. तेही मी मराठीत सांगितलं. अण्णांनी मान हलवली. "त्याला म्हणावं, बाबा, तुझं काही नाय," ते म्हणाले. "पोर तशीच होती."

आई इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. गेल्या पाच महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आम्ही सगळे त्यालाच घाबरलो होतो.

"तशी नव्हती," आई म्हणाली. "म्या केली तिला तशी. लहान असताना ताप आला तरी सांगायची नाय ती. खुडणीच्या टायमाला आईच्या कामाची मोड नको म्हणून गपचिप पडून राहायची. आन् म्या सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगायची, माझी थोरली लय गुणाची हाय, दुखलंखुपलं तरी ब्र काढत नाय."

मग ती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. वाटाड्यानं माझ्याकडे बघितलं, आई काय म्हणाली ते विचारण्यासाठी. मी त्याला सांगितलं, एक शब्दही न गाळता.