अकोसुआची पावती आणि माझा माईक

बाजाराच्या नव्या छपराचं उद्घाटन आहे. अकोसुआ पिनामांगबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, म्हणून बाजारातल्या बायका माझ्या मागे लागल्यात. माझ्याच मागे! गावात बाकी सगळे मेले होते का? बरं, लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, या बाईवर मी पहिलीपासून जळतो. शाळेत ती पहिली, मी दुसरा, सलग सहा वर्षं. गुरुजी तिची वही वर्गभर फिरवायचे आणि माझ्यापाशी आले की म्हणायचे, "क्वाकू, बघ, याला अक्षर म्हणतात."

पुढे आमच्या अप्राडेसो गावात कुणीही वारलं, की शनिवारच्या दुखवट्याला आम्ही दोघं ठरलेले. मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलापाशी अकोसुआ. लाल-काळं नेसून आलेली माणसं घरच्यांना मदत म्हणून तिच्या हाती पैसे देणार, ती पावती फाडणार आणि मी माईकवरून नाव नि आकडा पुकारणार. मांडव गाजवायचा मी, घसा बसायचा माझा. आणि जेवणात फुफूचे गोळे गिळता गिळता लोक काय म्हणणार? "अकोसुआची पावती म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" मला मेलं कुणी साधं पाणीसुद्धा विचारायचं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. देणारा मोठा असला, की पुकारणाऱ्यानं आकडा जरा फुगवायचा. शंभराचे दीडशे करायचे. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. देणारा खूश होतो आणि पुकारणाऱ्याच्या खिशात काहीतरी सारतो. पावतीवर मात्र खरा आकडा, आणि अकोसुआच्या हातून तर एक पैसा इकडचा तिकडे होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांचे मामा गेले. मामा आमच्याच गावचे, आणि आमच्यात मामाचा वारस भाचा. म्हणजे यजमान खुद्द राष्ट्राध्यक्ष! तालुका सभेचे अध्यक्ष जाडजूड पाकीट घेऊन आले. अकोसुआनं मोजले. साठ हजार सेडी.

"कशातले म्हणून लिहू?" तिनं विचारलं.

"लिही गं, बाजाराच्या छपराच्या पैशांतले. छप्पर काय पळून जातंय?" अध्यक्ष हसत म्हणाले.

तिनं जसंच्या तसं लिहिलं. पाकीट राष्ट्राध्यक्षांच्या हातात गेलं. त्यांची सही घ्यायची राहिली, त्यांच्यापुढे पेन कोण धरणार? मी माईकवर गर्जलो, "तालुका सभेकडून एक लाख सेडी!" मांडव दणाणला. अध्यक्षांनी माझ्या खिशात दोनशे सारले.

छप्पर आलंच नाही. उन्हात मासळी वास मारायला लागली, टोमॅटो टोपलीत शिजायला लागले. बायका तालुका सभेत विचारायला गेल्या, तर म्हणे पैसेच नाहीत. तेव्हा अकोसुआ पावतीपुस्तक कापडात गुंडाळून राजधानीला गेली आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या टेबलावर ते ठेवून आली. त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे जनतेचे पैसे परत मागितले, तिकडून नकार आला, प्रकरण कोर्टात उभं राहिलं. आणि रेडिओवर हिचं नाव! तीस वर्षं माईक धरला मी आणि रेडिओवर नाव हिचं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सुनावणीला आख्खा बाजार बस करून गेला. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, तिची फजिती झाली तर ती पाहायला गेलो होतो.

राष्ट्राध्यक्षांच्या वकिलानं कोर्टात पडदा लावला. दुखवट्याचा व्हिडिओ सुरू झाला आणि माझाच आवाज घुमला, "एक लाख सेडी!"

"ऐकलंत?" वकील म्हणाला. "पाकिटात लाख होते. पक्षाच्या लोकांनी वर्गणी काढून दिलेले. साठ हजार, छप्पर, हे सगळं या बाईंनी मागाहून रचलंय. खोटा कागद केल्याबद्दल यांच्यावरच खटला भरावा."

अकोसुआ पिंजऱ्यात ताठ उभी होती.

"माझी पावती खरी आहे," ती म्हणाली.

"मग माईकवरचा माणूस खोटा?"

"माझ्या पुस्तकाचं मी सांगते. माईकचं माईकवाल्याला विचारा." माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

शेजारच्या टोमॅटोवाल्या मावशीनं मला कोपरानं ढोसलं. "क्वाकू, ऊठ की रे बाबा!" मी हललो नाही. तोंड उघडलं तर मला परत कोण माईक देणार? आणि गप्प बसलो तर... देवा, माफ कर, पण मनात आलंच, की एकदा तरी ही दुसरी येईल.

वकिलाला तेवढ्यावर गप्प बसवेना. पुस्तक दोन बोटांत धरून तो म्हणाला, "आणि हे अक्षर पाहा, महाराज. खेड्यातल्या बाईचं खरडणं. याच्यावर देशाच्या प्रमुखाला जाब विचारायचा?"

खरडणं! माझं डोकंच फिरलं. त्या अक्षरापायी मी सहा वर्षं मार खाल्ला, पन्नास वर्षं जळलो. ते खरडणं असेल तर मी जन्मभर जळलो कशावर, कपाळावर?

"ए वकिला!" मी उठून ओरडलो. "ते पुस्तक नीट धर! साठ हजारच होते. लाख मी केले. दोनशे सेडी घेऊन केले!"

"आवाज कमी करा," न्यायाधीश म्हणाले. "इथे माईक आहे."

मग शपथ घेऊन सगळं ओकलो. किती मांडवांत किती फुगवले, तेही त्या वकिलानं खोदून खोदून काढलं. गावातली बडी बडी माणसं माना खाली घालून बसली होती. त्यांच्या मोठेपणातली हवाच गेली ना! अकोसुआ तेवढी माझ्याकडे पाहत होती.

निकाल पेपरात आला. पैसे परत करणाऱ्यांची यादी छापली होती. पहिलं नाव देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं, साठ हजार. दुसरं माझं, दोनशे. इथेही दुसराच!

दोनशे भरायला बाजारात गेलो. छपराच्या पैशांचं टेबल अकोसुआकडेच होतं. तिनं नोटा मोजल्या, पावती लिहिली, फाडली आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

"पुकार."

"अगं, आता कशाला अब्रू काढतेस?"

"पद्धत आहे. पुकार म्हणते ना!"

पुकारलं. "क्वाकू न्तियामोआ, दोनशे सेडी!"

"खरे की फुगवलेले?" मासळीच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि बाजार हसून लोळायला लागला.

अकोसुआनं स्थळप्रत वर धरली. "दोनशेच आहेत. मी मोजलेत." हशा थांबला.

ती पावती माझ्या घरी भिंतीवर आहे. त्यानंतर आजवर एकाही मांडवात मला बोलावणं आलेलं नाही. तिच्या अक्षरात माझं नाव इतकं देखणं दिसतं, हे मला माहीतच नव्हतं. रोज बघतो आणि रोज जळतो.