गोल मांडलेला वर्ग

निपाणीच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या चर्चातासाची निरीक्षक म्हणून मी एक संपूर्ण सत्र मागच्या खुर्चीवर बसले. सुजाता ही माझी शाळेतली विद्यार्थिनी. आता तिथे प्राध्यापक आहे. नवख्या मुलांना लहान गटात कसे शिकवले म्हणजे ती बोलती होतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. तिला माझे डोळे आणि कान हवे होते, तोंड नव्हे. तशी अटच तिने घातली होती! निरीक्षणे मी नेमाने तिच्या स्वाधीन केली. किस्से मात्र माझ्याकडेच साचत गेले आणि आता ते मला स्वस्थ बसू देत नाहीत.

प्राचार्यांनी आरंभीच बजावले होते, "सत्र संपेपर्यंत मुले बोलली नाहीत, तर हा तास मी कॉम्प्युटरला देणार." तास गेला असता, तर सुजाताचे संशोधनही अर्ध्यावरच थांबले असते.

*

पहिल्या दिवशी सुजाताने खुर्च्या गोल मांडून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर्गात शिरलो, तो सगळ्या खुर्च्या फळ्याकडे तोंड करून सरळ रांगेत!

कोगनोळीचा सागर अभिमानाने पुढे आला. "मॅडम, काल कुणीतरी वर्ग लई इस्कटला होता. आमी लवकर येऊन नीट लावला!"

सुजाताने माझ्याकडे पाहिले. रांग खरोखर उत्तम होती; पण मला बोलायची परवानगी नव्हती.

*

प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने घाई न करता थांबावे, मुलांना विचार करू द्यावा, ही सुजाताची पद्धत. तिने विचारले, "कॉलेजात आल्यावर सर्वांत अवघड काय वाटले?" आणि ती थांबली.

कुणी बोलेना. ती हसतमुखाने थांबलेलीच. मुलांच्या माना हळूहळू खाली गेल्या. आमच्या भागात शिक्षक गप्प झाले, की कुणाची तरी धडगत नसते!

अखेर सागर उभा राहिला. "चुकलं, मॅडम."

"अरे, काय चुकले?"

"ते तुमीच सांगा की!"

*

तिचे ते थांबणे सहन करणे मुलांपेक्षा मलाच कठीण गेले, हे नमूद केले पाहिजे. एकदा सुजाताने विचारले, "चांगला प्रश्न कशाला म्हणावे?" आणि नेहमीप्रमाणे ती थांबली. मी ओठ घट्ट मिटले, खिडकीबाहेर पाहिले, पदर सारखा केला. शेवटी उभी राहून मीच दोन उदाहरणांसह सविस्तर उत्तर दिले!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर सुजाता म्हणाली, "बाई, तुम्ही निरीक्षक आहात, की अजून पहिला नंबर काढायचाय?"

*

संकेश्वरची शिवलीला घरी कन्नड बोलणारी. वर्गात ती केवळ मान हलवत असे. एके दिवशी विषय होता, लग्नात पंगत हवी की बुफे. सुजाता तिला म्हणाली, "कन्नडमध्ये सांग, चालेल."

शिवलीलाने असे काही सुनावले! म्हाताऱ्या माणसांनी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात काठी धरून जेवायचे कशाने, असा तिचा सवाल होता. सागर बुफेच्या बाजूने कन्नडमध्येच तुटून पडला. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, कुणी दोन्हींत. सारा वर्ग उठून उभा!

प्राचार्य धावत आले. "मारामारी कुणी सुरू केली?"

"मारामारी न्हाय सर," सागर धापा टाकत म्हणाला, "अभ्यास चाललाय!"

"अभ्यासाला एवढा आवाज?" असे म्हणून प्राचार्य निघून गेले. मुले बोलू लागल्याचा हा पुरावा आहे, असे त्यांना वाटले नाही.

*

सत्राच्या शेवटी निर्णयासाठी प्राचार्य स्वतः वर्गात आले आणि फळ्यासमोर उभे राहिले. मुले गोलात बसलेली.

"हा तास कशासाठी चालू ठेवावा? सांगा."

कुणीही बोलले नाही. सुजाताचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिले. मी तोंडावर रुमाल धरला. मुले मात्र प्राचार्यांकडे पाहत निवांत, हसतमुखाने बसून होती.

प्राचार्य खाकरले. "म्हणजे, उपयोग अगदीच नाही, असे मी म्हणत नाही."

शांतता.

"मुलांची भीड चेपते, हे खरे."

शांतता.

"खेड्यातून आलेल्या पोरांचे ऐकून घेणारे कुणीतरी हवेच. मी स्वतः पहिल्या वर्षी वर्षभर तोंड उघडले नव्हते. कुणी विचारलेच नाही!" मग ते बोलतच राहिले. कपाळ पुसून शेवटी म्हणाले, "ठीक आहे. तास पुढच्या वर्षीही राहील."

सुजाताने त्यांचे आभार मानले. मी तोंडावरचा रुमाल काढला.

तेवढ्यात शिवलीलाने हात वर केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर, छान बोललात. आता खुर्ची घेऊन गोलात बसा की!"

प्राचार्यांनी खुर्ची उचलली.