चिलटं, आणि बघायला आलेली मंडळी

प्रयोगशाळेतला एसी बिघडला म्हणून त्या शनिवारी माझ्या चिलटांच्या बाटल्या मी जूचंद्रला घरी आणल्या. रविवारी मला बघायला फुलपाड्याहून मंडळी येणार हे आईने ऐनवेळी सांगितलं.

मुलगा, त्याचे वडील आणि मावशी असे तिघे आले. मावशींनी बसल्याबसल्या विचारलं, "तू नक्की करतेस काय?"

"चिलटांच्या डोळ्यांवर काम करते. उजेड ओळखणारं प्रोटीन पेशीत एकीकडे बनतं आणि त्याला दुसऱ्या टोकाला जावं लागतं. वाटेत अडकलं की चिलट आंधळं."

"मग तू ते सोडवतेस?"

"नाही, मीच अडकवते. म्हणजे कशाने अडकतं ते कळतं."

आई घाईघाईने म्हणाली, "केळी घ्या ना. पानी आनू?"

मावशी हात धुवायला स्वयंपाकघरात गेल्या. तिथे ओट्यावर ठेवलेल्या माझ्या बाटलीच्या तळाशी चिलटांसाठी मका-गुळाचं खाणं होतं. त्यांना तो शिरा वाटला. वास घ्यायला त्यांनी तोंडाचा कापसाचा बोळा काढला, चिलटं बाहेर उडाली आणि त्या किंचाळल्याच.

आईने डास मारायची बॅट उचलली. "मारू नकोस, माझं वर्षभराचं काम आहे!" मी ओरडले. केळ्यांवर घरची चिलटं आधीच होती, त्यात माझी मिसळली. मी पडदे ओढले, दिवे घालवले आणि मुलाला मोबाईलची टॉर्च लावून दारात उभं केलं. "उजेडाकडे येतील ती घरची. हलणार नाहीत ती माझी."

घरची चिलटं त्याच्या तोंडावर गेली. बिचारा ओठ घट्ट मिटून उभा राहिला.

अंधारातून त्याच्या वडिलांचा आवाज आला, "माझ्या टकलावरची हलत नाहीयेत."

"मग आंधळीच. काका, मान हलवू नका." मी त्यांच्या टकलावर बाटली उपडी धरली. चिलटं नेहमी वरच चढतात, तशी सरसर बाटलीत चढली. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "काका, तुमचं डोकं फार उपयोगी आहे."

बुधवारी मावशींचा फोन आला. मुलगी हुशार आहे, पण भावोजी अजून डोकं धुतायत, असं म्हणाल्या. बाबा हसून हसून सोफ्यावर आडवे झाले. आईने मात्र फोन ठेवून मला बजावलं, "आता कोनी विचारलं तर सांग, ब्यांकेत कामाला हाय."