प्रश्नचिन्हांचं पत्र

टायपिंगच्या दुकानात किस्से साठतच जातात. फायली डिलीट होतात, किस्से होत नाहीत. लिंबायतमध्ये माझं दुकान आहे. मी चौथी शिकलेली. कॉम्प्युटर पन्नाशीनंतर शिकले, तोही कुणाच्या क्लासला न जाता. आता क्लासवालेच मला विचारायला येतात!

*

कतारगामच्या गुजराती प्रेसला गंधमुक्तीची, म्हणजे मयताच्या दिवसकार्याची, पत्रिका पाठवली. लगेच फोन. "मासी, आमां तो बधुं एबीसीडी छे!"

"तुझ्याकडे माझा फॉन्ट नाही. अक्षरं जागेवर आहेत, तुला दिसत नाहीत एवढंच. हात लावू नकोस!"

तोवर त्यानं स्पेलिंग चेक लावून सगळी एबीसीडी सुधारून ठेवली होती. लोकांच्या घरात मयत, आणि हा स्पेलिंग सुधारतोय!

*

डिंडोलीचे एक गुरुजी शाळेच्या लिनक्स मशीनवरून मुलांची यादी घेऊन आले. माझ्या जुन्या नोटपॅडमध्ये अख्खा वर्ग एकाच ओळीत!

"तुमचं मशीन बिघडलंय, बाई."

"मशीन ठीक आहे. ओळ संपल्याची खूण तुमच्याकडे वेगळी, माझ्याकडे वेगळी." दोन मिनिटांत यादी सरळ करून दिली.

"हे शिकलात कुठे?"

"तुमच्यासारख्यांनी आणलेल्या फायलींवर!"

*

भिंतीवर मी पाटी लावली आहे: कॉम्प्युटरनं काही विचारलं तर आधी वाचा, मग ओके दाबा.

एक इंजिनिअर हसला. "मावशी, ही अडाण्यांसाठी का?"

"नाही रे. अडाणी माणूस घाबरून हात मागे घेतो. ओके तुम्ही दाबता."

*

सुमनबाईंचे यजमान पॉवरलूमवर कामाला होते. छातीचं दुखणं वाढलं तेव्हा माझ्याकडे बसून, एका बोटानं, त्यांनी बायकोला पत्र टाइप केलं. "ताई, तुम्ही तिकडं तोंड करा," म्हणाले. पत्र पेनड्राइव्हवर घेतलं आणि माझ्याकडचं पुसायला लावलं. मी पुसलं.

ते वारल्यावर लेकीच्या, म्हणजे रेखाच्या, नवऱ्यानं ते पत्र मोबाइलवर घ्यायला म्हणून एएनएसआय नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये त्याच फाइलवर सेव्ह केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, काही अक्षरं जातील, चालेल? त्यानं ओके दाबलं.

सुमनबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. उघडलं. पानभर प्रश्नचिन्हं.

"ताई, तुम्ही तर सगळ्यांचं परत आणता."

एबीसीडी झालेलं परत येतं. प्रश्नचिन्हं झालेलं येत नाही. मी तसंच सांगितलं. खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

"काहीच नाही राहिलं?"

"शब्दांमधल्या जागा राहिल्यात. स्वल्पविराम राहिलेत. एका अक्षराला एक चिन्ह, काना-उकाराला वेगळं एक."

"पहिल्या ओळीत काय आहे?"

"एकच शब्द. चार चिन्हं. पुढे स्वल्पविराम."

सुमनबाईंनी स्वतःचं नाव बोटांवर मोजलं. स, त्याचा उकार, म, न. पुन्हा मोजलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "जल्मभर मले 'रेखानी माय' म्हनेत रेखाना बाप."