साडेपाचवाला राडे

राडिवोयच्या, म्हणजे आमच्या राडेच्या, तोंडाला कुलूप आणि घरातल्या प्रत्येक भोकाला झाकण. एवढं कळलं की माणूस कळला.

आता ऑस्ट्रेलियातलं हे कूबर पेडी खाणींचं गाव, इथे ओपल, म्हणजे रंगीत रत्नाचा दगड, सापडलं तर कुणीच सांगत नाही म्हणा. सांगितलं की रात्री आपल्या खाणीत दुसराच कुणी उतरलेला असतो. पण राडे म्हणजे त्यातलाही अर्क. एकदा त्याला मोठा दगड लागला, तर त्याच्या बायकोला, देसांकाला, ते कळलं कधी? दारात नवा ट्रक येऊन उभा राहिला तेव्हा! कुणी विचारलं, "काय राडे, कसं चाललंय?" की उत्तर ठरलेलं, "बरंय. चालतंय." आणि गाव काय खुळं आहे? ज्याला दमडीचा दगड सापडला नाही तो तासभर रडगाणं गातो. ज्याला घबाड लागलं तो म्हणतो, "बरंय. चालतंय." हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आणि झाकणं! इथली धूळ कशी, पिठासारखी. टेकडीच्या पोटात खोदलेली घरं सगळ्यांची, भिंतींना कितीही रंगरोगण फासा, छतातून चिमूट चिमूट पडतंच. म्हणून राडेनं किटलीच्या तोटीला देसांकाचं शिवताना बोटाला घालायचं टोपण घातलेलं. कुलपाच्या भोकावर चामड्याचा तुकडा. वापरात नसलेल्या विजेच्या भोकात लाकडाची बुचं. देसांका म्हणायची, "मी झोपले की माझ्या नाकात बूच घालू नकोस म्हणजे मिळवली."

तर अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला. साधा नव्हे, खेळाचा. काचेची भिंत, आत लाल-निळे दिवे, दिवाणखान्यात ठेवला तर जत्रेतला पाळणा वाटावा. आयता जोडलेला, फक्त वायरी खोचायच्या. आणला कशाला? तर योवानासाठी. योवाना म्हणजे नात, त्याच्या मुलाची मुलगी, राहते पर्थला. त्या पोरीला ट्रक चालवायच्या खेळाचं वेड. दर रविवारी दुपारी आजोबा इथे बसून आणि नात तिकडे बसून एकाच रस्त्यावर दोन ट्रक चालवणार, कानाला यंत्र लावून गप्पा मारणार, असा बेत. राडे फोनवर बोलायचा नाही. "हं" आणि "बरं" यापलीकडे नाही. पण ट्रक चालवताना बोलायचा, बरं का! त्याला स्टिअरिंगमागे बसवलं की जीभ सुटायची.

खोका उघडला तेव्हा राडे फार खूश झाला. यंत्राच्या पाठीमागे खालच्या बाजूला पडद्याची वायर खोचायची भोकं होती, त्यांना काळी रबरी टोपणं बसवलेली. "बघ देसांका," तो म्हणाला, "बनवणारा शहाणा दिसतोय. धूळ कळते त्याला." ती टोपणं त्यानं हात लावून आणखी घट्ट केली. वर एक उघडं भोक होतं, त्यात वायर खोचली. पडदा लागला. झालं.

पण ट्रक काही धड चालेना. रस्ता अडखळायचा, झाड इथे दिसायचं आणि एकदम तिथे. योवाना ओरडायची, "देदा, तू ट्रक चालवतोयस की कांगारू? उड्या मारत येतोयस नुसता! थांब, थांब, माझ्या अंगावर आलास!"

"मी सरळच चालवतोय," देदा, म्हणजे आजोबा, म्हणायचा. "रस्ता उड्या मारतोय."

हसण्यावारी गेलंही असतं. पण पुढे होती स्लाव्हा. राडे मूळचा सर्बियाचा, आणि या सर्बांच्या प्रत्येक घराचा एक संत असतो, त्याचा दिवस म्हणजे स्लाव्हा. राडेच्या घरचा संत निकोला, डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या ऐन भट्टीत. त्या दिवशी घरच्या कर्त्यानं मेणबत्ती लावायची, उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद आधी त्यानं खायचा, मग बाकीच्यांनी. पूर्वी सगळं घर जमायचं. आता एक पर्थला, एक मेलबर्नला, एक कुठे. योवानानं टूम काढली, की यंदा सगळ्या भावंडांनी स्लाव्हाला आपापल्या घरून ट्रक काढायचे, एकामागे एक रांग, आणि सगळ्यांत पुढे देदा. कर्ता तोच ना!

सगळे हो म्हणाले. फक्त मेलबर्नचा पुतण्या गोयको, तो म्हणाला, "काकांना मान द्यायचा तो देऊ, पण शेपटाला. पुढे असे अडखळत राहिले तर मागचे सगळे त्यांच्यावर आदळतील."

शेपटाला! घरच्या स्लाव्हाला घरचा कर्ता शेपटाला! राडे त्या दिवशी जेवला नाही.

आता अशा वेळी सल्ला द्यायला थानासिस नसेल तर तो थानासिस कसला. शेजारच्या टेकडीतला ग्रीक, चाळीस वर्षांचा दोस्त, ज्यातलं कळत नाही त्यातला मोठा जाणकार. म्हणाला, "अरे लेका, तरुणपणी आपण गाड्यांची इंजिनं पिळून पळवायचो की नाही? याचंही तसंच. याच्या पोटात प्रोसेसर असतो, त्याला आतून एक घड्याळ असतं. ते पुढे ढकलायचं. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. कंपनी भित्री असते, कमी आकड्यावर ठेवते. आपण वाढवायचं."

देसांका मासे साफ करत होती, तिथूनच म्हणाली, "सरकार दर उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ढकलतं. त्यानं हा कधी लवकर उठला का?"

"बायकांना यंत्रातलं काय कळतंय," थानासिस म्हणाला.

"मला नाही कळत. पण घड्याळातलं मला कळतं. तू आलास तेव्हा कॉफीची वेळ होती, आता जेवणाची झालीये."

पण राडेच्या डोक्यात भुंगा शिरला. यंत्र चालू होताना एक कळ दाबून धरली की निळा पडदा येतो, त्यात तो आकडा असतो. राडेनं तो पाचावर नेला. पंखे घूं घूं करायला लागले. मग सव्वापाच. पंखे खाणीतली माती ओढणाऱ्या ब्लोअरसारखे ओरडायला लागले. आणि या शहाण्यानं काय केलं, हवा आत घेतात त्या जाळीवर देसांकाचा पायमोजा ताणून बसवला. का? तर धूळ! म्हणजे घोडा पळवायचा आणि त्याचं नाक दाबायचं. नशीब, टेकडीच्या पोटात गारवा असतो, नाहीतर तिथेच अंडं शिजलं असतं. शेवटी त्यानं भिंतीत कोनाडा खोदला आणि यंत्र त्यात ठेवलं, गार दगडाला पाठ लावून. पाठ भिंतीला म्हणजे मागचं काही दिसायलाच नको.

साडेपाचावर गेलं तेव्हा मात्र आक्रीत झालं. राडे बोलला! क्लबात सगळ्यांसमोर, आपण होऊन. "साडेपाच केलं मी."

गावाला विश्वास बसेना. ज्यानं बायकोला दगड सांगितला नाही तो आकडा सांगतोय! साडेपाच काय, कशाचं, कुणाला पत्ता नाही, पण आकडा मोठा असणार हे नक्की. दुसऱ्या दिवसापासून लोक बघायला यायला लागले. कोनाड्यासमोर टोप्या काढून उभे राहायचे. "हेच का साडेपाच?" "हेच." "आवाज काय आहे रे!" "मग? साडेपाच आहे ते." दुकानातली बाईसुद्धा म्हणायला लागली, "साडेपाच, तुमचा पाव आलाय हो."

आणि ट्रक? ट्रक कांगारूच होता. पण राडे म्हणायचा, फरक पडलाय. थानासिसही म्हणायचा, पडलाय. झाड पूर्वी तीनदा उडी मारायचं, आता अडीचदा मारतं. इतका मान मिळाल्यावर फरक दिसायलाच हवा ना!

स्लाव्हाची सकाळ उजाडली. बाहेर डांबर वितळत होतं. देसांकानं पाव भाजला, गहू उकडला, मासे ताटात मांडले. दुपारी रांग निघायची. राडेनं चांगला सदरा घातला, यंत्रासमोर बसला आणि त्याच्या मनात आलं, आज जरा आणखी. गोयकोची बोलती बंद व्हायला हवी. पावणेसहा.

कळ दाबली. पंखे एकदा भोकाड पसरल्यासारखे रडले आणि गप्प. पडदा काळा. पुन्हा दाबली, काळा. देसांका हात पुसत आली. "काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही तर तुझा चेहरा दुधासारखा का झालाय?"

राडेनं कळ आणखी एकदा दाबून पाहिली. मग म्हणाला, "आता शेपटालासुद्धा नाही मी."

देसांकानंच योवानाला फोन लावला, चेहरा दिसतो तसला. पोरगी शांत. "देदा, जास्त पिळलंस ना? घाबरू नकोस. आत बटणाएवढी गोल बॅटरी आहे, ती काढून परत घाल. सगळं पहिल्यासारखं होईल."

"आत? म्हणजे उघडायचं?" दगड अंगावर पडला असता तरी राडे इतका दचकला नसता. शेवटी देसांकानं ओली चादर वर धरली, मांडवासारखी, आणि त्या चादरीखाली त्यानं यंत्र कोनाड्यातून ओढून फिरवलं. फोन देसांकाच्या हनुवटीखाली.

"थांब थांब थांब," योवाना म्हणाली. "आजी, फोन जवळ ने. देदा, ती पडद्याची वायर कुठे खोचलीयेस?"

"भोकात."

"कुठल्या?"

"उघडं होतं त्या."

"अरे देवा. देदा, खेळाचं चित्र काढणारं यंत्र ते खालचं! त्या टोपणांच्या मागे! इतके महिने तू ते वापरलंच नाहीस. ते बसलंय झोपा काढत आणि सगळा भार त्या बिचाऱ्या प्रोसेसरवर. टोपण काढ!"

"धूळ जाईल."

"देदा!"

देसांका चादरीखालून इतकी हसली, की मांडव कोसळला.

त्यानं बॅटरी काढली, घातली. आकडा कंपनीचा, साधा, चाराच्या आसपासचा भित्रा आकडा. जाळीवरचा मोजा देसांकानं स्वतः उपटला. मग राडेनं नखानं टोपण काढलं, काढताना तोंडानं फुंकर मारत होता, आणि वायर खाली खोचून यंत्र परत कोनाड्यात सरकवलं.

दुपारी पाहुणे आले. स्लाव्हाला आमंत्रण लागत नाही, दार उघडं असतं, त्यामुळे निम्मं गाव आलं. मेणबत्ती लागली, राडेनं गहू खाल्ला आणि स्टिअरिंगमागे बसला. रस्ता निघाला बाई, लोण्यासारखा! झाड जिथे उगवलं तिथेच राहिलं. पंखे कुजबुजत होते. मागे योवाना, तिच्या मागे भावंडं, शेपटाला गोयको, कारण तो उशिरा आला. आणि राडे बोलत होता, अखंड. या वळणावर हळू, पुढे घाट आहे, पोरांनो अंतर ठेवा. कानात गोयको म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला."

इकडे थानासिस कोनाड्याला कान लावून उभा. "आवाजच नाही रे! आणि धावतंय कसं! लेका, किती केलंस? पावणेसहा?"

सगळ्या खोलीनं माना वळवल्या. देसांकानं नवऱ्याकडे बघितलं. राडेचे कान लाल. खरं सांगावं तर साडेपाचाच्या यात्रेचं हसं. खोटं सांगावं तर समोर संताची मेणबत्ती जळतेय. शेवटी त्याच्या तोंडून निघालं ते चाळीस वर्षं निघत आलेलं.

"बरंय. चालतंय."

थानासिसनं डोळे विस्फारले. खोलीतल्या खाणवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी हळूच ग्लास खाली ठेवला. एवढं म्हणतोय म्हणजे केवढं घबाड असेल!

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की राडे सहाच्या पुढे गेलाय, पण सांगत नाही. दुकानातली बाई आता त्याला साडेपाच म्हणत नाही. नुसतं "या" म्हणते आणि मान तुकवते.

देसांकाला सगळं माहीत आहे. ती कुणाला सांगत नाही, पण भांडण झालं की कपाळाला आठी घालून म्हणते, "टोपण काढ." मग तो मुकाट्यानं भाजी आणायला जातो.

आणि ते काढलेलं काळं टोपण? ते त्यानं टाकलं नाही. वरचं भोक आता रिकामं पडलं होतं ना, त्याच्यावर घट्ट बसवलंय.